आसफजाही घराण्याच्या मूळपुरुषाची धर्मपरंपरा

हैदराबादच्या निजामाचे नाव निघताच हिरेमाणके, चौमहल्ला राजवाडा आणि एके काळी जगातील सर्वांत धनाढ्य गणला गेलेला सातवा निजाम मीर उस्मान अली खान डोळ्यांपुढे येतो. या वैभवाचा पाया घालणारा मीर कमरुद्दीन खान, म्हणजेच पहिला आसफजाह, मात्र काझी आणि सूफींच्या कुळात जन्मला होता.

हे कुळ मूळचे समरकंदकडील. सुहरावर्दी पंथाचे थोर सूफी शेख शिहाबुद्दीन हे आपले पूर्वज असून आपली वंशावळ पहिले खलिफा अबू बकर यांच्यापर्यंत पोहोचते, अशी या सुन्नी घराण्याची धारणा होती. आजोबा ख्वाजा आबिद बुखाऱ्यात काझी होते. हिंदुस्थानात येऊन ते औरंगजेबाच्या पदरी राहिले आणि धार्मिक इनामे व वर्षासने पाहणाऱ्या ‘सदर’ या उच्च पदावर चढले. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने घायाळ होऊन त्यांचा अंत झाला. वडील गाझीउद्दीन खान फिरोजजंग यांनी दिल्लीत अजमेरी दरवाजापाशी मदरसा उभारला.

कमरुद्दीनचा जन्म १६७१ चा. औरंगजेबाच्या छत्रछायेत तो वाढला आणि त्या बादशहाची शिस्त त्याने आदर्श मानली. दिल्लीत वजीर असताना, रद्द झालेला जिझिया पुन्हा लागू करावा, असा आग्रह त्याने धरला. बादशहा मुहम्मदशहाने तो मानला नाही. दरबारी कारस्थानांना विटून तो दख्खनेत आला आणि १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पराभव करून सहा सुभ्यांचा धनी झाला.

दख्खनेत मात्र परिस्थिती निराळी होती. रयत बहुसंख्येने हिंदू, हैदराबाद शहर शिया कुतुबशहांनी वसवलेले आणि शेजारी मराठ्यांची वाढती सत्ता. १७२८ मध्ये पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने त्याला कोंडीत पकडून तहास भाग पाडले. केवळ धर्मनिष्ठेच्या बळावर येथे राज्य टिकणार नाही, हे त्याने ओळखले. दिवाण पूरणचंद त्याच्या विश्वासातला होता. आजोबांनी दिल्लीत सांभाळलेले सदारत खाते दख्खनेत होते. त्याचे पेशकार लाला मनसाराम हे हिंदू होते. निजामाच्या आठवणी ‘मआसिरे निजामी’ या फारसी ग्रंथात त्यांनीच नोंदवून ठेवल्या. मृत्यूपूर्वी वारसांना केलेल्या उपदेशात, मराठे या भूमीचे जमीनदार असल्याने त्यांच्याशी सलोखा राखावा, असे त्याने बजावले. पुढे त्याचा पुत्र निजाम अली खान याने औरंगजेबाच्या काळात बंद पडलेल्या हैदराबादच्या बादशाही आशूरखान्याला, म्हणजे शियांच्या शोकस्थानाला, पुन्हा वर्षासन सुरू केले.

सूफींवरील श्रद्धा मात्र अखेरपर्यंत अढळ राहिली. औरंगाबादच्या एका सूफी संताने भुकेल्या कमरुद्दीनला पिवळ्या वस्त्रात कुलचे बांधून दिले. त्याने सात खाल्ले आणि संताने सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद दिला, अशी आख्यायिका आहे. आसफजाही निशाणाचा पिवळा रंग आणि त्यावरील गोल चिन्ह यांचा उगम लोक याच कथेत शोधतात.

१ जून १७४८ रोजी बऱ्हाणपूर येथे त्याचे निधन झाले. खुलदाबादला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात तो विसावला आहे. औरंगजेबाची कबरही तेथून जवळच आहे.