विश्लेषण : चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रीपद का सोडले? मुंबईचा प्रश्न अमेरिकेत असता तर?

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत हमखास येतो. उत्तर असते चिंतामणराव देशमुख. त्यांच्या राजीनाम्यामागचा घटनात्मक पेच मात्र फारसा विचारला जात नाही.

रोहा ते दिल्ली

देशमुख घराणे रोह्याचे, वडील वकील. चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाजवळच्या नाते गावी झाला. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले, पुढे केंब्रिज, १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले. १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँक आणि १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्रीपद. १९५२ मध्ये ते लोकसभेवर गेले ते कुलाब्यातून. पेण आणि रोहा तालुके असलेला हा जिल्हा, आजचा रायगड. त्यामुळे मुंबई कोणाची, हा त्यांच्या मतदारांचा थेट प्रश्न होता.

राजीनामा कशासाठी?

जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे मेली. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता. जूनमध्ये नेहरूंनी तीच भूमिका पुन्हा जाहीर केली आणि जुलैमध्ये देशमुख बाहेर पडले. त्यांचे आक्षेप दोन होते. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. पहिला आरोप नेहरूंना मान्य नव्हता.

केंद्राला हा अधिकार कुठून मिळाला?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ मधून. राज्यांच्या सीमा, क्षेत्र, नाव बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, संमती लागत नाही. अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथल्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडून नवे राज्य करता येत नाही. म्हणजे मुंबई तिथे असती, तर दिल्लीला आधी मुंबईच्या विधिमंडळाचे मन वळवावे लागले असते.

न्यायालय काय म्हणाले?

देशमुख गेल्यानंतर काही दिवसांतच संसदेने महाराष्ट्र, गुजरात व केंद्रशासित मुंबई ही तीन घटकांची योजना बदलून थेट द्वैभाषिक मुंबई राज्य केले. विधिमंडळाचे मत घेतले होते ते जुन्या योजनेवर! बाबूलाल पराते यांनी याला आव्हान दिले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. विधेयकात नंतर दुरुस्ती झाली म्हणून पुन्हा मत मागवायची गरज नाही आणि परदेशातील लोकशाहीचे सिद्धांत या कलमाच्या अर्थात आणू नयेत, असा निर्वाळा दिला. कलमाच्या शब्दांना धरून तो बरोबरच होता. पण मत मागवण्याला मग उरते काय, ही शंका राहतेच.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तो न्यायालयामुळे नव्हे, आंदोलनाच्या आणि मतपेटीच्या रेट्यामुळे.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपतीपदाची निवडणूक हरले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्याच हैदराबादेत २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने तेलंगण विधेयक फेटाळले. संसदेने अनुच्छेद ३ नुसार ते तरीही मंजूर केले.