फ्रिट्झ पोलार्ड : आकडे नसलेला पहिला माणूस

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडच्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. लांबट चेंडू काखेत घेऊन पळायचे किंवा तो पुढे सहकाऱ्याकडे फेकायचा, आणि आडवे येणाऱ्यांना चुकवत समोरच्या संघाच्या हद्दीत शिरायचे, असा हा धसमुसळा खेळ. त्यात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचे हे तो क्षणात ठरवतो. म्हणून या जागेला संघाचा मेंदू समजले जाते. काही क्वार्टरबॅक एका जागी उभे राहून नुसते फेकतात. काही फेकण्यातही तरबेज आणि पळण्यातही. अशा दुहेरी ताकदीच्या खेळाडूंत कोणत्या काळातला कोण श्रेष्ठ, हा तिथल्या क्रीडारसिकांचा आवडता वाद आहे. १९६१ मध्ये पदार्पण केलेला फ्रॅन टार्केंटन, नव्वदच्या दशकातला स्टीव्ह यंग, १९९० च्या मोसमात ९४२ यार्ड पळून शिवाय ३० टचडाऊन फेकणारा रँडल कनिंगहॅम, २००६ मध्ये हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा पहिला क्वार्टरबॅक मायकल व्हिक, आणि २०१९ मध्ये १२०६ यार्ड पळून ३६ टचडाऊन फेकणारा लमार जॅक्सन, अशी नावे घेतली जातात. आकडे मांडले जातात आणि निकाल दिला जातो.

या यादीत फ्रिट्झ पोलार्ड हे नाव सहसा नसते. कारण साधे आहे. त्यांचे आकडेच नाहीत. नॅशनल फुटबॉल लीगने खेळाडूंची अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली ती १९३२ पासून, आणि पोलार्ड लीगमधला शेवटचा सामना खेळले १९२६ मध्ये. पण कायद्याचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, पुरावा नसणे ही एक गोष्ट आणि घटना घडलीच नसणे ही दुसरी. तुलनेच्या या खटल्यात ज्याचा जबाबच नोंदवला गेला नाही, त्या माणसाचे आयुष्य आधी समजून घेतले पाहिजे.

फ्रेडरिक डग्लस पोलार्ड यांचा जन्म २७ जानेवारी १८९४ रोजी शिकागोत झाला. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे नाव आईवडिलांनी मुलाला दिले, यावरूनच त्या घराची जडणघडण कळते. वडील जॉन हे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले सैनिक आणि व्यवसायाने न्हावी. आई कॅथरीन शिवणकाम करी. रॉजर्स पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत हे कृष्णवर्णीय कुटुंब राहत होते. फ्रिट्झ हे टोपणनाव त्यांना तिथल्या जर्मन शेजाऱ्यांमुळे मिळाले. घरात शिक्षणाला पहिला मान होता. बहीण नाओमी १९०५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. भाऊ लेस्ली डार्टमथ कॉलेजकडून फुटबॉल खेळला. मैदानावर शिवीला शिवीने उत्तर द्यायचे नाही, खेळाने द्यायचे, ही शिकवण धाकट्या फ्रिट्झला भावांकडून मिळाली.

१९१५ मध्ये पोलार्ड ब्राउन विद्यापीठात दाखल झाले. उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम पाऊणशे किलो. हाडामांसाच्या डोंगरांच्या या खेळात असा देह म्हणजे चेष्टेचा विषय. खर्च भागवण्यासाठी ते वसतिगृहात इतर विद्यार्थ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून देत. १ जानेवारी १९१६ रोजी कॅलिफोर्नियात झालेल्या रोझ बोल सामन्यात ते उतरले, आणि त्या सामन्यात खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. पाऊस आणि चिखलात ब्राउनचा संघ वॉशिंग्टन स्टेटकडून १४-० असा हरला. पण त्याच वर्षीच्या पुढच्या मोसमात ब्राउनने येल विद्यापीठाला २१-६ आणि हार्वर्डला २१-० असे हरवले. एकाच मोसमात या दोन्ही बलाढ्य विद्यापीठांना त्या संघाने हरवले. त्या यशाचा कणा पोलार्ड होते. वॉल्टर कँप यांच्या अखिल अमेरिकन संघात चेंडू घेऊन पळणाऱ्यांच्या फळीत निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

महायुद्धानंतर १९१९ मध्ये ते ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरातल्या व्यावसायिक संघात गेले. टायरच्या कारखान्यांचे हे शहर. दक्षिणेकडून पोटासाठी आलेले गोरे कामगार सोबत आपला वर्णद्वेषही घेऊन आले होते. आपल्याच गावच्या प्रेक्षकांच्या शिव्या पोलार्डना ऐकाव्या लागत. संघाबरोबर कपडे बदलण्याची सोय नव्हती म्हणून ते मालकाच्या सिगारच्या दुकानात कपडे बदलून मैदानावर येत. चेंडूसह खाली पडले की शिट्टीनंतरही विरोधी खेळाडू अंगावर उड्या घेत. त्यावर पोलार्ड यांनी उपाय शोधला. पडताक्षणी पाठीवर वळायचे आणि खिळे लावलेले बूट वर करून पाय हलवत राहायचे. उडी घ्यायची असेल त्याने खिळ्यांवर घ्यावी! कोणाला हा गमतीचा किस्सा वाटेल. ज्याच्या बाजूने पंच नाही आणि प्रेक्षकही नाही, त्याने स्वतःसाठी केलेली ती कायदेशीर स्वसंरक्षणाची तजवीज होती.

१९२० मध्ये व्यावसायिक संघांची पहिली राष्ट्रीय लीग उभी राहिली. तिलाच १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळाले. पहिल्या मोसमात अ‍ॅक्रनचा संघ आठ सामने जिंकला, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. लीगचा पहिला विजेता संघ तो, आणि त्याचा सर्वांत प्रभावी खेळाडू पोलार्ड. १९२१ मध्ये एल्गी टोबिन यांच्या जोडीने त्यांच्याकडे प्रशिक्षकपदाची सूत्रे आली. ज्या देशात गोऱ्याला काळ्याची आज्ञा ऐकणे म्हणजे अपमान वाटे, तिथे गोऱ्या खेळाडूंच्या संघाला डाव शिकवणारा माणूस कृष्णवर्णीय होता. त्याच वर्षी त्यांच्यासोबत खेळायला आले पॉल रॉब्सन. पुढे जगप्रसिद्ध गायक-नट झालेले रॉब्सन तेव्हा कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत होते. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिक्षण घेतले तेच हे विद्यापीठ. कायद्याची फी भरायला रॉब्सन रविवारी फुटबॉल खेळत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोलार्ड यांना दुहेरी ताकदीच्या क्वार्टरबॅकच्या पंक्तीत बसवता येते का? त्या काळच्या रचनेत बहुतेक डावांत चेंडू मागे उभ्या असलेल्या टेलबॅककडे थेट जाई. पळणे, फेकणे, लाथेने दूर उडवणे ही सारी कामे त्याची. म्हणजे आज ज्याला आपण दुहेरी ताकद म्हणतो ती त्या काळी त्या जागेची किमान पात्रता होती. पोलार्ड ती जागा खेळले, आणि १९२३ मध्ये इंडियानातल्या हॅमंड संघाकडून क्वार्टरबॅकच्या जागीही खेळले. म्हणूनच लीगमधला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक अशी त्यांची नोंद केली जाते. चेंडू तेव्हा जाड आणि गोलसर होता, फेकायला अवघड. फेकणाऱ्याने रेषेच्या किमान पाच यार्ड मागे उभे राहिलेच पाहिजे, हा नियम १९३३ मध्ये सैल झाला. हेल्मेट चामड्याचे, तेही सक्तीचे नव्हते. आक्रमण संपले की बाहेर बसायची सोय नाही. तोच खेळाडू बचावालाही उभा. अशा काळातल्या माणसाची पळण्याची यार्ड जॅक्सनच्या यार्डांशेजारी मांडणे म्हणजे बैलगाडीचा वेग आणि मोटारीचा वेग एका तक्त्यात लिहिणे होय.

पण नियमांतला फरक हा तुलनेतला लहान अडथळा आहे. मोठा अडथळा वेगळाच आहे, आणि तिथे क्रीडारसिकांची नजर सहसा जात नाही. १९२० ते १९३३ या काळात या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू झाले जेमतेम तेरा. १९३४ पासून १९४५ पर्यंत, सलग बारा मोसम, एकही नाही. बंदीचा लेखी ठराव कुठेही सापडत नाही आणि मालकांनी असा करार असल्याचे नाकारले. लेखी कायद्याला आव्हान देता येते; जो नियम कागदावर नाही तो पाळला मात्र काटेकोरपणे जातो, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायची कुठे? पोलार्ड यांनी उत्तर मैदानावर दिले. १९२८ मध्ये शिकागोत त्यांनी ब्लॅक हॉक्स हा संपूर्ण कृष्णवर्णीय व्यावसायिक संघ उभा केला. १९३५ ते १९३८ या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ब्राउन बाँबर्स हा संघ चालवला. चांगले कृष्णवर्णीय खेळाडू मिळत नाहीत ही सबब त्यांनी उघडी पाडली.

दार पुन्हा उघडले ते मालकांच्या दयेने नव्हे. लॉस एंजेलिसचे मैदान सार्वजनिक पैशाचे होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी तोच मुद्दा धरून जाब विचारला, तेव्हा १९४६ मध्ये रॅम्स संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले. वॉशिंग्टन शहराच्या संघाने तर १९६२ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही. त्याचे नवे मैदान सरकारी जमिनीवर आहे असे केंद्र सरकारने ठणकावले तेव्हाच तो नमला.

दरम्यान खेळाची रचना बदलली होती. चाळीसच्या दशकापासून चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येऊ लागला, ती जागा बुद्धीची ठरली, आणि बुद्धीची ठरताच ती गोऱ्यांसाठी राखीव झाली. पायांचे काम काळ्यांना, डोक्याचे गोऱ्यांना, अशी ही विभागणी. श्रमाची प्रतवारी लावून माणसाची प्रतवारी ठरवणे कसे असते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. १९६८ मध्ये डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को यांनी पहिल्याच मोसमात १४ टचडाऊन फेकले. पुढे त्यांना चेंडू झेलणाऱ्याच्या जागेवर जावे लागले. १९७८ मध्ये वॉरन मून यांना एकाही संघाने निवडले नाही. ते कॅनडात गेले, सलग पाच विजेतेपदे जिंकले आणि मगच १९८४ मध्ये परतले. १९८८ मध्ये डग विल्यम्स यांनी सुपर बोल जिंकून दिला तो वॉशिंग्टनच्याच संघाला, ज्याने सर्वांत शेवटी दार उघडले होते. आणि २०१८ मध्येही लमार जॅक्सन यांना काही जाणकार क्वार्टरबॅक सोडून चेंडू झेलणारा हो, असा सल्ला देत होते. पुढच्याच वर्षी ते एकमताने लीगचे सर्वोत्तम खेळाडू निवडले गेले.

पोलार्ड यांनी खेळाबाहेरही माणसे उभी करण्याचा प्रयत्न केला. कृष्णवर्णीयांसाठी गुंतवणुकीची पेढी काढली, ती मंदीच्या काळात बुडाली. न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्र चालवले. त्यांचा मुलगा फ्रिट्झ धाकटा याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हिटलरच्या डोळ्यांदेखत, ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक जिंकले. पदवी न घेता सोडलेल्या ब्राउन विद्यापीठाने १९८१ मध्ये पोलार्ड यांना मानद डॉक्टरेट दिली. ११ मे १९८६ रोजी, ९२ व्या वर्षी ते गेले. तोपर्यंत लीगला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळालेला नव्हता. तो मिळाला १९८९ मध्ये, आर्ट शेल यांच्या रूपाने. मधली वर्षे अडुसष्ट! २००२ मध्ये जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी प्रशिक्षकांच्या नेमणुकीतला भेदभाव आकडेवारीनिशी मांडला, त्यानंतर २००३ मध्ये प्रत्येक रिक्त पदासाठी अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेण्याचा नियम झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या संघटनेला नाव दिले गेले फ्रिट्झ पोलार्ड यांचे. लीगच्या सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला तो २००५ मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

काळाकाळांतल्या खेळाडूंची तुलना जरूर करावी. पण तक्त्यात शून्य दिसले की दोन प्रश्न विचारावेत. तो खेळाडू कमी पडला, की त्याला उतरूच दिले नाही? १९३४ ते १९४५ या रकान्यात किती कनिंगहॅम, किती जॅक्सन गाडले गेले, याचा आकडा कोणत्याही नोंदवहीत नाही. पोलार्ड यांची जागा या यादीच्या तळाशी नाही आणि बाहेरही नाही. ज्या पट्टीने बाकीच्यांना मोजायचे, त्या पट्टीचे पहिले टोक ते आहेत.