भुकेशी लढलेला शास्त्रज्ञ : निकोलाय वाविलोव

बालमित्रांनो, गव्हावर पडलेला तांबेरा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हिरव्या पानावर तांबूस-पिवळे ठिपके उठतात. पानावरून बोट फिरवलं की बोटाला विटकरीची असावी तशी पूड लागते. ही पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. ते इतके बारीक असतात की वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातात. पान दवाने ओलं असलं की ते तिथेच रुजतात, पानाच्या आत शिरतात आणि झाडाने दाण्यासाठी तयार केलेलं अन्न स्वतःच फस्त करतात. शेत दुरून उभं दिसतं, पण ओंबी चोळून पाहावी तर दाणा सुरकुतलेला. जवावर, म्हणजे काही भागात ज्याला सातू म्हणतात त्यावर, अशीच भुरी पडते. पानांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर चढतो.

आता गंमत पाहा. दोन वाण शेजारी शेजारी पेरले, तर कधी कधी एक रोगाने लाल होतो आणि दुसरा हिरवाच राहतो. वारा तोच, पाणी तेच, माती तीच. मग असं का बरं होतं? या एका प्रश्नापासून ज्याने आपल्या कामाला सुरुवात केली आणि त्या कामापायी शेवटी प्राणही गमावले, अशा एका थोर माणसाचं चरित्र मी आज तुम्हाला सांगणार आहे. त्याचं नाव निकोलाय इवानोविच वाविलोव.

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी रशियात मॉस्को शहरी झाला. त्यांचं घराणं मूळचं खेड्यातलं, शेतकऱ्याचं. वडील शहरात येऊन कष्टाने कापडाच्या धंद्यात वर आले होते. धाकटा भाऊ सर्गेई पुढे पदार्थविज्ञानाचा मोठा शास्त्रज्ञ झाला. निकोलाय चार वर्षांचा असताना, १८९१-९२ साली, रशियात भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसं दगावली. त्या काळच्या रशियात भूक ही काही ऐकीव गोष्ट नव्हती. १९०६ साली निकोलायने शेतकी महाविद्यालयात नाव घातलं. तिथे त्याने पहिला मोठा अभ्यास केला तो कशाचा, माहीत आहे? पिकं खाणाऱ्या गोगलगायींचा! म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान कशाने होतं, याकडे या मुलाचं लक्ष पहिल्यापासूनच होतं.

शिक्षण झाल्यावर ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे त्यांना दोन चांगले गुरू मिळाले. रॉबर्ट रेगेल हे जवाचे जाणकार, तर आर्थर याचेव्स्की हे बुरशीचे जाणकार. एकाकडून पीक समजून घ्यायचं आणि दुसऱ्याकडून पिकाचा शत्रू! पुढे १९१३ साली वाविलोव इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन यांच्या संस्थेत काम करू लागले. केंब्रिजला रोलंड बिफेन म्हणून एक प्राध्यापक होते, त्यांच्याकडेही ते गेले. या बिफेनसाहेबांनी १९०५ साली एक फार महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली होती. ती मी जरा सावकाश सांगतो.

बिफेन यांनी तांबेरा न पडणारा गहू आणि तांबेऱ्याला हमखास बळी पडणारा गहू, अशा दोघांचा संकर केला. संकर कसा करतात? ओंबी कोवळी असतानाच एका झाडाच्या फुलांतले पुंकेसर बारीक चिमट्याने काढून टाकायचे आणि ओंबीवर कागदाची पिशवी बांधायची. मग दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिथे लावायचे. असं बी पेरलं, तर पहिल्या पिढीची सगळी झाडं रोगाने लाल झाली. कुणालाही वाटेल, फुकट गेली मेहनत. पण बिफेन यांनी त्याच झाडांचं बी पुन्हा पेरलं. आणि काय आश्चर्य! दुसऱ्या पिढीत चार झाडांमागे साधारण एक झाड हिरवंगार राहिलं. म्हणजे रोगाला तोंड देण्याचा गुण नाहीसा झाला नव्हता, तो दडून बसला होता. मेंडेल यांनी वाटाण्यावर जे नियम शोधले होते, त्याच नियमांनी हा गुणही आईबापांकडून मुलांकडे जात होता. पुढे बिफेन यांनी लिटल जॉस नावाचा गहू तयार केला आणि १९१० साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्यातला तांबेरा सोसण्याचा गुण घिरका नावाच्या एका गव्हाकडून आला होता, आणि हा घिरका होता रशियाचा! परक्या मुलुखातला एक साधा वाण इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या कामी आला होता.

वाविलोव यांनी ही गोष्ट मनात पक्की धरली. गहू, जव, ओट यांचे शेकडो वाण शेजारी शेजारी पेरायचे, रोग पडू द्यायचा, आणि कोण आजारी पडतो नि कोण पडत नाही याची नोंद करायची, असा त्यांचा उद्योग सुरू झाला. त्यात त्यांना इराणच्या नावाने ओळखला जाणारा एक काळ्या ओंबीचा गहू असा सापडला की त्यावर भुरी पडतच नव्हती. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि ते मायदेशी परतले. १९१६ साली इराणात रशियन सैनिक भाकरी खाऊन आजारी पडू लागले, तेव्हा कारण शोधायला वाविलोवनाच पाठवलं. गव्हात एका विषारी तणाचं, बुरशी लागलेलं बी मिसळत होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तिथूनच ते घोड्यावर बसून पामीरच्या डोंगरांत बियाणं शोधत निघाले. त्यांच्या भ्रमंतीची सुरुवात ही अशी झाली.

१९१७ साली ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव शहरात प्राध्यापक झाले. देशात क्रांती आणि यादवी चालू होती. अशा दिवसांतही १९१९ साली वनस्पतींच्या रोगप्रतिकारावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२० साली सारातोवमध्येच भरलेल्या परिषदेत त्यांनी आपला प्रसिद्ध नियम मांडला. एका पिकात जे जे फरक दिसतात, तसेच फरक त्याच्या नात्यातल्या पिकांतही दिसतात, असा तो नियम. म्हणजे गव्हात काळी ओंबी सापडली, तर जवातही शोधा, मिळेल. पुढच्याच वर्षी रेगेल यांच्या जागी ते पेट्रोग्राडच्या संस्थेचे प्रमुख झाले. त्याच १९२१ साली व्होल्गाकाठी पुन्हा दुष्काळ पडला. वाविलोव अमेरिकेला गेले आणि येताना खोक्यांवर खोकी भरून बियाणं घेऊन आले.

तुम्ही विचाराल, एक चांगला वाण सापडला की झालं, एवढं फिरायचं कशाला? त्याचं उत्तर बुरशीकडे आहे. बुरशीही बदलत असते, बरं का! आज जो वाण तिला दाद देत नाही, त्याला भेदणारी नवी जात ती काही वर्षांनी तयार करते. कुलूप बदललं की चोर नवी किल्ली करतो, तसंच हे. म्हणून शेतकऱ्याच्या पाठीशी नेहमी नवनवी कुलपं हवीत. ती कुठे मिळणार? जिथे पीक आणि त्याचा रोग हजारो वर्षं एकमेकांशेजारी राहिले आहेत, तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या शेतात.

म्हणून वाविलोव जग फिरले. १९२४ साली अफगाणिस्तान. १९२६-२७ साली भूमध्य समुद्राभोवतालचे देश आणि ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. १९२९ साली चीन, जपान, कोरिया. त्यानंतर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. कुठे घोडा, कुठे खेचर, कुठे पायी. रात्री चारपाच तासांची झोप त्यांना पुरे होई. जातील तिथे शेतकऱ्यांशी बोलायचं, बाजारात बसायचं, मूठमूठ दाणे घ्यायचे, चिठ्ठी लिहून पिशवीत घालायचे आणि घरी पाठवायचे.

इथिओपियाच्या डोंगरपठारांवर जवाचे इतके प्रकार पाहून ते थक्क झाले. पांढरा जव, काळा जव, जांभळा जव! जवाची शेती तिथेच सुरू झाली असावी, असं त्यांना वाटलं. पुढच्या संशोधनात दिसलं की जवाची पहिली लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात झाली. पण तिथल्या जवात मोठं धन आहे हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. १९३७-३८ साली जर्मन संशोधकांनी इथिओपियातून जे जवाचे दाणे नेले, त्यांत भुरीला दाद न देणारा एक गुण सापडला. हाही गुण दडून बसणारा. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. १९७० नंतरच्या काळात तो युरोपातल्या जवाच्या वाणांत उतरवला गेला आणि कित्येक वर्षं टिकला. ज्या शेतकऱ्याने तो जव पिढ्यान्पिढ्या पेरला, त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही.

१९४० सालापर्यंत वाविलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच लाख नमुने गोळा केले. जगात एवढा बियाण्यांचा साठा दुसरीकडे कुठे नव्हता.

आता मुलांनो, दुःखाचा भाग येतो. नवा वाण सिद्ध करायला दहाबारा वर्षं लागतात, हे वाविलोव सरकारला खरं खरं सांगत. त्याच वेळी लायसेन्को नावाचा माणूस पुढे आला. बियाणं थंडीत ठेवून पिकाचा स्वभाव बदलता येतो, तो बदल पुढच्या पिढीत उतरतो आणि दोनतीन वर्षांत नवा वाण मिळतो, असं तो म्हणे. राज्यकर्ते उतावीळ होते. स्टालिनने लायसेन्कोला जवळ केलं. मेंडेलचे नियम खोटे आहेत एवढं म्हटलं असतं, तर वाविलोव सुखात राहिले असते. पण शेतात डोळ्यांनी पाहिलेलं ते खोटं कसं म्हणणार? त्यांनी म्हटलं नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी, युक्रेनच्या पश्चिम भागात बियाणं गोळा करत असतानाच, त्यांना पकडलं. १९४१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती बदलून वीस वर्षांची कैद केली. तुरुंगातही त्यांनी शेतीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, पण तो नष्ट झाला. सोबतच्या कैद्यांना त्यांनी शंभराहून अधिक तास व्याख्यानं दिली. मास्तरकी काही सुटली नाही!

इकडे सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला, म्हणजे पूर्वीच्या पेट्रोग्राडला, वेढा घातला. तो ८७२ दिवस टिकला. त्या हिवाळ्यात अनेकांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळे. वाविलोव यांच्या संस्थेत मात्र तांदूळ, गहू, वाटाणे, भुईमूग यांच्या पेट्या भरलेल्या होत्या. सहकारी उंदरांपासून त्या राखत बसले. बटाटे गोठू नयेत म्हणून त्यांनी मिळेल ते लाकूड जाळलं. तांदळाचे जाणकार इवानोव भुकेने गेले. भुईमुगाचे जाणकार श्चुकिन गेले. ओटच्या जाणकार लिदिया रोदिना गेल्या. आणखीही कित्येक गेले. पण कुणी बियाण्याला हात लावला नाही. ते उद्याचं अन्न होतं, साऱ्या लोकांचं होतं.

आणि वाविलोव? त्यांना नेलं होतं सारातोवच्या तुरुंगात. ज्या गावात त्यांनी विद्यार्थी घडवले, नियम मांडला, त्याच गावात. त्यांची पत्नी आणि लहान मुलगा युद्धामुळे त्याच गावी येऊन राहिले होते. पण ते मॉस्कोत आहेत असं समजून पत्नी खाण्याच्या वस्तू मॉस्कोला पाठवत होती. २६ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, वाविलोव उपासमारीने तुरुंगात वारले. जगाची भूक मिटावी म्हणून देशोदेशी दाणे वेचणारा माणूस अन्नावाचून गेला. मला हे वाचताना फार वेळ पुढचं पान उलटवत नाही.

१९५५ साली त्यांच्यावरचे आरोप खोटे ठरवून त्यांना निर्दोष जाहीर केलं गेलं. आज त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे आणि साठा सुरक्षित आहे.

मुलांनो, बुरशीशी चाललेली लढाई अजून संपलेली नाही. आपल्या महाराष्ट्रातही महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर आणि निफाडला गव्हाच्या वाणांवर संशोधन चालतं. त्या कामाला लागणारा कच्चा माल म्हणजे जुने, वेगवेगळे वाण. तेव्हा घरी आजीला विचारा, पूर्वी आपल्याकडे गहू, ज्वारी, हरभरा कोणकोणता पेरत होते? कुणाच्या मडक्यात राखेत ठेवलेलं जुनं बी अजून आहे का? असेल तर मूठभर आणा. नाव, गाव, शेतकऱ्याचं नाव लिहून आपण ते वर्गात बाटलीत ठेवू आणि पावसाळ्यात शाळेच्या वाफ्यात पेरू. चिठ्ठी लिहायला मात्र विसरू नका, बरं का. वाविलोव ती कधी विसरत नसत.