वीजबिलाच्या युनिटमागचा माणूस : जेम्स ज्यूल

(२४ डिसेंबर, जयंतीनिमित्त विशेष)

स्टार्टरच्या पेटीत एखादा जॉइंट ढिला राहिला की वायर तापते आणि जळका वास सुटतो. व्होल्टेज कमी असताना मोटार तशीच चालवली की वायंडिंग जळतं. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, खिशातून पैसे गेले की आपोआप कळतं. पण तारेतून वीज गेली की किती उष्णता तयार होते, याचा नियम ज्यांनी मांडला ते कुठल्या कॉलेजचे प्राध्यापक नव्हते. इंग्लंडमधल्या एका बिअर कारखानदाराचा तो मुलगा. नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गावचा. घरची परिस्थिती उत्तम, पण पोराची तब्येत नाजूक. पाठीच्या कण्याचा त्रास होता. त्यामुळे शिक्षण बहुतेक घरीच झालं. १८३४ साली वडिलांनी जेम्सला आणि त्याच्या थोरल्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकवणीला धाडलं. अणूचा सिद्धांत मांडणारे, आपल्या शाळेच्या पुस्तकात भेटतात तेच हे डाल्टन. त्यांनी अंकगणित आणि भूमिती पक्की करून घेतली. पुढं डाल्टन आजारी पडले आणि शिकवणी थांबली. ज्यूल यांनी विद्यापीठात शिकून डिग्री अशी घेतलीच नाही.

दिवसा कारखान्याचं काम आणि मिळेल त्या वेळात प्रयोग, असं सुरू झालं. त्या काळी कारखान्यात वाफेचं इंजिन आणि त्याला दगडी कोळसा लागायचा. बॅटरीवर चालणारी विजेची मोटार नवीनच निघाली होती. ती स्वस्तात पडेल का, हे ज्यूल यांना बघायचं होतं. हिशोब केला तर उलटंच निघालं. बॅटरीत खर्च होणारं जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडत होतं. मोटारीचा नाद त्यांनी सोडला, पण एक सवय लागली ती कायमची : किती घातलं आणि किती मिळालं, ते मोजायचं.

त्यातूनच पहिला नियम निघाला. पाण्याच्या भांड्यात तारेचं वेटोळं ठेवायचं, त्यातून वीज सोडायची आणि पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर वाचायचं. १८४०-४१ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. शिवाय तारेचा रोध जेवढा जास्त, तेवढी उष्णता जास्त. ढिल्या जॉइंटला रोध वाढतो, म्हणून आधी तोच जळतो. व्होल्टेज पडल्यावर लोडवरची मोटार जास्त करंट ओढते आणि वायंडिंगमधली उष्णता चढत्या पटीनं वाढते. मोटार जळण्याचं गणित हे असं आहे.

आता खरा वाद. त्या वेळी मोठमोठे विद्वान मानायचे, की उष्णता हा एक पदार्थच आहे. वजन नसलेला, डोळ्यांना न दिसणारा, पाण्यासारखा एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहणारा. हा पदार्थ नवा तयार होत नाही आणि संपतही नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यूल म्हणत होते, की उष्णता हा पदार्थ नाही, ती पदार्थाच्या बारीक कणांची हालचाल आहे. कष्ट केले, काही फिरवलं, घासलं, घुसळलं, की त्या कष्टाचीच उष्णता होते. आणि ठरावीक कष्टाची ठरावीकच उष्णता होते, कमी नाही की जास्त नाही.

हे सिद्ध करायला त्यांनी जे यंत्र केलं, ते आपल्या ताकाच्या रवीचाच भाऊ म्हणा. तांब्याच्या भांड्यात पाणी आणि त्यात पात्यांची रवी. रवीच्या दांड्याला दोरी गुंडाळलेली, दोरीला शिशाची वजनं टांगलेली. वजनं खाली आली की रवी फिरते आणि पाणी घुसळलं जातं. वजन किती आणि ते किती फूट उतरलं, हे माहीत. पाणी किती तापलं, ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण वीस वेळा वजनं वर चढवून खाली सोडली, तरी पाणी जेमतेम अर्धा डिग्री फॅरनहाइटच्या वर तापायचं. खोलीत उभ्या माणसाच्या अंगाच्या उष्णतेनंही हिशोब चुकायचा. म्हणून मँचेस्टरच्या कारागिराकडून त्यांनी खास थर्मामीटर करून घेतले. बिअरच्या धंद्यात तापमान सांभाळायची सवय इथं कामाला आली.

१८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या विज्ञान परिषदेत त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांचा एक निबंध छापायला नकार दिला. एवढ्या बारीक फरकावर एवढा मोठा निष्कर्ष लोकांना पटत नव्हता, आणि माणूसही पडला कारखान्यातला.

एप्रिल १८४७ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या सेंट अॅन चर्चच्या वाचनालयात साध्या लोकांसमोर व्याख्यान दिलं. विषय होता पदार्थ, गती आणि उष्णता. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा सगळा विचार त्यांनी त्यात मांडला. हे व्याख्यान मोठ्या शास्त्रीय मासिकात आलं नाही. ते पूर्ण छापलं मँचेस्टर कुरिअर या स्थानिक वर्तमानपत्रानं.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डला परिषद होती. तिथंही अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आटपायला सांगितलं. पण सभेत विल्यम थॉमसन नावाचा जेमतेम तेवीस वर्षांचा प्राध्यापक बसला होता. त्याला यातलं महत्त्व दिसलं आणि मग चर्चा सुरू झाली. हेच थॉमसन पुढं लॉर्ड केल्विन झाले. दोघांनी मिळून नंतर बरेच प्रयोग केले. बारीक छिद्रातून दाबाखालचा वायू सोडला की तो थंड होतो, हा शोध त्यातलाच.

ऑगस्ट १८४७ मध्ये ज्यूल यांचं अमेलिया यांच्याशी लग्न झालं. नवं जोडपं आल्प्सच्या डोंगरात फिरायला गेलं. तिथं धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याचं तापमान मोजायचा ज्यूल यांचा बेत होता, असं थॉमसन पुढं सांगायचे. पडणारं पाणी थोडं तापलंच पाहिजे, असा हिशोब.

१८५० साली ज्या रॉयल सोसायटीनं निबंध नाकारला होता, तिनंच त्यांना सदस्य करून घेतलं. पण घरचं सुख टिकलं नाही. १८५४ मध्ये पत्नी गेली, नुकतं जन्मलेलं बाळही गेलं. एक मुलगा आणि एक मुलगी मागं राहिली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. पुढं पैशाची चणचण आली आणि १८७८ मध्ये सरकारनं वर्षाला २०० पौंडांचं पेन्शन दिलं.

हा शोध एकट्या ज्यूल यांचा नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीतले डॉक्टर युलियस मायर यांनी १८४२ मध्येच असा विचार छापला होता आणि श्रेयावरून पुढं वादही झाला. पण वर्षानुवर्षं मोजून पक्का आकडा काढण्याचं काम ज्यूल यांचं.

तो आकडा आपल्या भाषेत असा : एक किलो पाणी एक डिग्री सेल्सिअसनं तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी ४२७ मीटर उंच चढवता येतं. अंघोळीचं १५ लिटर पाणी हीटरनं २० डिग्री तापवलं, तर साधारण ०.३५ युनिट वीज जाते. मोटारीची आणि पाइपाची तूट सोडली, तर तेवढ्याच विजेत ६५ फूट खोल विहिरीतून अशा सव्वाचारशे बादल्या पाणी वर येईल. तापवणं किती महाग आहे, बघा.

१८८९ मध्ये पॅरिसच्या वीज परिषदेनं ऊर्जेच्या मापाला ज्यूल हे नाव दिलं. तराजूतलं १०० ग्रॅमचं वजन एक मीटर वर उचललं की साधारण एक ज्यूल खर्च होतो. बिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सेल या गावी ज्यूल यांचं निधन झालं.

तिथल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्यांच्या थडग्याच्या दगडावर एक आकडा कोरला आहे : ७७२.५५. एक पौंड पाणी एक डिग्री फॅरनहाइट तापवायचं, तर तेवढे पौंड वजन एक फूट खाली आलं पाहिजे. १८७८ साली, साठीला टेकल्यावर, त्यांनी हेच माप पुन्हा एकदा घेतलं होतं. तोच हा आकडा.