पाईपलाईन टाकणारे फादर

प्रेम म्हटलं की आपल्या कॉलेजात सगळ्यांना फेब्रुवारी महिनाच आठवतो! मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांचं प्रेम मात्र लाकूड, खिळे, कुदळ आणि पाईप यांतून दिसायचं. त्यांचं नाव फादर डेमियन. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे संतांच्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडल्या. बरेचसे संत मला फार लांबचे वाटायचे. हे नाही वाटले.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० चा, बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावात, शेतकऱ्याच्या घरी. मोठ्या भावापाठोपाठ तेही धर्मसंघात गेले. भाऊ मिशनरी म्हणून हवाई बेटांवर निघणार होता, पण ऐनवेळी आजारी पडला. तेव्हा त्याच्या जागी जायचा यांनी हट्टच धरला. १८६४ साली ते होनोलुलूला पोचले, तिथेच त्यांची गुरुदीक्षा झाली आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी मोठ्या बेटावरच्या खेड्यांत काम केलं.

त्या काळात हवाईत कुष्ठरोग पसरत होता आणि त्यावर औषध नव्हतं. १८६५ मध्ये तिथल्या राज्याने कायदा केला आणि १८६६ पासून रोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका टोकावर नेऊन सोडायला सुरुवात झाली. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे दोन हजार फुटांचा उभा कडा. कुंपणाची गरजच काय! जुन्या पुस्तकांत असं रंगवलेलं असतं, की या वस्तीत ज्याला त्याला आपलंच पडलेलं, दुबळ्याचं सामान बळकट माणसाने पळवायचं. मला ते पूर्ण पटत नाही. कारण फादर यायच्या आधीच, १८६६ साली, तिथल्या रोग्यांनी स्वतःची प्रोटेस्टंट मंडळी उभी केली होती. खरा स्वार्थ मला दिसतो तो कड्याच्या अलीकडे, धडधाकट लोकांत. आपल्याला होऊ नये ना, मग दुसऱ्याला नजरेआड करा.

१० मे १८७३ रोजी डेमियन तिथे उतरले. वय ३३. बिशपांची योजना अशी होती की चार फादरांनी पाळीपाळीने काही महिने जायचं. म्हणजे शिफ्ट ड्यूटी! यांनी मात्र कायमचं राहायची परवानगी मागितली. राहायला घर नव्हतं, म्हणून सुरुवातीच्या रात्री त्यांनी एका झाडाखाली काढल्या.

आता आपल्या ब्रँचचा भाग. हॉस्टेलवर सकाळी पाणी गेलं की बादलीवरून काय होतं ते सांगायला नको. तिथे हातापायांत बळ नसलेली माणसं लांबून डब्यांतून पाणी वाहून आणत. आंघोळ, जखमा धुणं, सगळं त्यातच. डेमियन पाणी शोधत दरीत वर चढत गेले. कड्याच्या पायथ्याशी त्यांना सुमारे सत्तर फूट रुंदीचं नैसर्गिक कुंड सापडलं. त्यांनी खोलीही मोजली, काठाजवळच १८ फूट! सरकारकडून पाईप आले आणि ज्यांच्या अंगात ताकद होती त्या रोग्यांना बरोबर घेऊन त्यांनी पाणी वस्तीपर्यंत आणलं. १८७४ च्या वादळात झोपड्या पडल्या, तेव्हा लाकडी घरं बांधायच्या कामातही ते होते. शवपेट्या तर त्यांनी स्वतःच्या हातांनी शेकड्यांनी बनवल्या.

जखमांचा वास त्यांना सहन व्हायचा नाही, म्हणून ते तंबाखू ओढायला लागले. हे त्यांनी सरकारला दिलेल्या अहवालात स्वतःच लिहिलंय. मला हे फार आवडलं. किळस येतच नाही असा आव नाही. किळस येत असूनही ते रोग्यांबरोबर एकाच भांड्यातून जेवायचे.

याची किंमतही त्यांनी मोजली. एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीने आले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. डेमियन होडीतून बोटीजवळ गेले आणि त्यांनी खालूनच मोठ्याने, फ्रेंचमध्ये, आपलं कन्फेशन सांगितलं. भोवती सगळी माणसं! माझी तर हिंमतच झाली नसती.

एक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते. म्हणे, रोग झाल्यावर ते एके दिवशी प्रवचनात रोग्यांना उद्देशून 'आपण' म्हणाले. प्रत्यक्षात १८७३ सालीच, म्हणजे आल्यावर काही महिन्यांतच, त्यांनी भावाला कळवलं होतं की मी प्रवचनात स्वतःला कुष्ठरोग्यांतच धरतो. रोग कळला तो डिसेंबर १८८४ मध्ये. पाय कढत पाण्यात गेला, कातडी भाजली, पण त्यांना काही जाणवलंच नाही. म्हणजे तो शब्द रोगाच्या अकरा वर्षं आधीचा होता.

ते स्वभावाने गोड होते असं समजू नका. तापट, हेकट, वरिष्ठांशी सतत पैशांवरून आणि मदतीवरून वाद. शेवटी शेवटी मदत मिळाली. १८८६ साली जोसेफ डटन आले आणि १८८८ मध्ये मदर मॅरियन आपल्या सिस्टर्सना घेऊन आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, ४९ व्या वर्षी, डेमियन गेले. ज्या झाडाखाली पहिल्या रात्री काढल्या होत्या, त्याच्याजवळच त्यांना पुरलं.

रोग्यांना सक्तीने वेगळं ठेवायचा तो कायदा संपला थेट १९६९ मध्ये. तोवर सुमारे आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली होती. डेमियन यांचं शव १९३६ साली बेल्जियमला नेलं, आणि २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पण त्याआधी, १९९५ साली, त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत आणून जुन्या कबरीत ठेवला गेला.