ताटात दडलेला रोग

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. प्रथम हातापायांवर व मानेवर लाल चट्टे उठत आणि कातडी खरखरीत होऊन सोलून निघे. पुढे अतिसार जडे, बुद्धीला भ्रम होई आणि अखेरीस कित्येकांना मृत्यू गाठी. हा रोग संसर्गजन्य आहे अशा समजुतीने लोक रोग्याची सावलीही टाळीत. काही रुग्णालयेदेखील त्याला थारा देत नसत. अशा या रोगाचे खरे कारण ज्यांनी शोधून काढले, त्या थोर पुरुषाचे नाव डॉ. जोसेफ गोल्डबर्गर.

जोसेफचा जन्म १८७४ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यातील एका गावी, गरीब ज्यू कुटुंबात झाला. तो लहान असतानाच त्याचे आईवडील पोटापाण्यासाठी न्यूयॉर्क शहरी आले. तेथील दाट वस्तीत वडिलांनी किराणा मालाचे लहानसे दुकान थाटले. जोसेफ आधी इंजिनिअरिंग शिकत होता. परंतु वैद्यकावरील एक व्याख्यान ऐकून त्याचे मन पालटले. १८९५ साली तो डॉक्टर झाला आणि १८९९ साली सरकारी आरोग्यसेवेत शिरला. साथीच्या रोगांचा शोध घेताना पीतज्वर, डेंग्यू व टायफस हे रोग त्याला स्वतःलाही जडले. तरी त्याने ते काम सोडले नाही.

१९१४ साली सरकारने डॉ. गोल्डबर्गर यांच्यावर पेलाग्राचा छडा लावण्याची कामगिरी सोपविली. ते अनाथाश्रमांतून व वेड्यांच्या इस्पितळांतून हिंडू लागले. तेथे एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. रोग्यांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना हा रोग कधीच होत नसे. रोग संसर्गाने पसरत असेल, तर तो त्यांनाच का सोडून देतो? एका अनाथाश्रमात तर बहुतेक रोगी ६ ते १२ वर्षांचीच मुले होती. लहानग्यांना दूध मिळे, कष्टाची कामे करणाऱ्या मोठ्या मुलांना मांस मिळे. मधल्या वयाच्या मुलांच्या वाट्याला मात्र मक्याची भाकरी आणि काकवी एवढेच येई. गोल्डबर्गर यांनी ओळखले, की रोगाचे मूळ ताटात आहे. त्यांनी जॅक्सन शहरातील दोन अनाथाश्रमांत मुलांना दूध, अंडी, मांस व शेंगांचे दाणे देण्याची व्यवस्था केली. पाहता पाहता तेथून पेलाग्रा हटला.

१९१५ साली त्यांनी याची उलट परीक्षा घेतली. मिसिसिपी राज्याच्या एका तुरुंगातील ११ निरोगी कैदी शिक्षामाफीच्या अटीवर निकस अन्नावर राहण्यास तयार झाले. काही महिन्यांतच त्यांपैकी ६ जणांच्या अंगावर पेलाग्राची लक्षणे उमटली. कैद्यांवर असा प्रयोग करणे आज योग्य मानले जात नाही. पण आहारातील उणिवेमुळे हा रोग होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

तरीही अनेक डॉक्टरांना हे पटेना. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. इतकेच नव्हे, तर रोग्यांच्या कातडीचे पापुद्रे व मळ पिठात मिसळून त्याच्या गोळ्याही गिळल्या. त्यांचे सहकारी या प्रयोगात सामील झाले. पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतले. त्यांपैकी एकालाही पेलाग्रा झाला नाही.

पण लोक असे निकस अन्न का खात होते? हे जाणण्यासाठी गोल्डबर्गर यांनी साउथ कॅरोलिनातील कापडगिरण्यांच्या ७ वस्त्यांत घरोघर चौकशी केली. जेथे मिळकत कमी, तेथे रोग अधिक, असे त्यांना दिसून आले. त्या प्रदेशात अगदी दारापर्यंत कपाशी पेरलेली असे. भाजीचा वाफा किंवा दुभती गाय क्वचितच दिसे. कपाशीचा भाव पडला, की गरिबांच्या ताटातील दूध व मांस नाहीसे होई. गोल्डबर्गर यांनी हे उघडपणे मांडले, तेव्हा आपल्या प्रांताची नाचक्की होते म्हणून दक्षिणेतील अनेक पुढारी संतापले. गोल्डबर्गर मात्र डगमगले नाहीत. गरिबांना परवडेल असा उपाय ते शोधीत राहिले आणि स्वस्त यीस्टने हा रोग बरा होतो, असे त्यांना आढळले. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा पूरग्रस्तांना ते यीस्ट वाटण्यात आले.

आहारातील नेमका कोणता घटक कमी पडतो, हे समजण्यापूर्वीच १९२९ साली कर्करोगाने गोल्डबर्गर यांचे निधन झाले. तो घटक म्हणजे नायासिन हे जीवनसत्त्व, हे १९३७ साली सिद्ध झाले. आपल्या दख्खनच्या पठारावरही केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत हा रोग आढळे. १९६० च्या सुमारास हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. भाकरीबरोबर डाळ, भाजी व दूध असले, म्हणजे हा रोग जवळ येत नाही.

रोग्याला औषध देणे हा वैद्याचा धर्म होय. परंतु त्याच्या ताटात काय आहे, आणि जे नाही ते का नाही, हेही विचारले पाहिजे, ही शिकवण डॉ. गोल्डबर्गर यांच्या चरित्रातून मिळते.