छात्रालयाच्या वहीतून तुरुंगाच्या वहीत

हस्तलिखित म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत अनेकांनी शाळेत कधीतरी ते पाहिलेले असते; एकच प्रत, शाईची अक्षरे, वेलबुट्टीचे मुखपृष्ठ. पांडुरंग सदाशिव साने यांची लेखणी याच शाळेत घडली. पुढे तिने तुरुंगाच्या भिंतींआडचे बरेच काही वाचवले.

24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे जन्मलेले साने 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. मासिक नव्हे, दैनिक! दिवसभर शिकवायचे, रात्री जागून अंक लिहायचा आणि सकाळी मुलांपुढे ठेवायचा, असा हा उद्योग. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक फक्त वसतिगृहातील मुले. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. तरी रोज कोणासाठी तरी लिहायचे, हा शिरस्ता पडला तो हस्तलिखितामुळेच.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. आधी धुळे, मग त्रिचनापल्ली. दक्षिणेतल्या त्या तुरुंगात सोबतच्या बंद्यांकडून त्यांनी परप्रांतीय भाषा शिकून घेतल्या आणि तिरुक्कुरळ मराठीत आणले.

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक अशी गीतेवरील 18 प्रवचने त्यांनी बंद्यांसमोर दिली. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाजही होते. विनोबा बोलत आणि साने गुरुजी भराभर टिपून घेत. तो बंदी दुसऱ्या तुरुंगात असता, किंवा त्याचा हात थकला असता, तर ती प्रवचने त्या आवारातच विरून गेली असती. ‘गीता प्रवचने’ हे नाव घेताना विनोबा आठवतात. वही धरणारा हात सहसा आठवत नाही.

पुढे नाशिकचा तुरुंग. 9 फेब्रुवारी 1933 रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि 13 तारखेच्या पहाटे हातावेगळ्या केल्या. पाच दिवस! रोज मध्यरात्रीपर्यंत अंक लिहून सरावलेल्या माणसालाच ते जमावे. उरलेल्या काही रात्री सुटकेनंतर लिहून झाल्या आणि 42 रात्रींची ‘श्यामची आई’ 1935 मध्ये छापून निघाली. पुस्तकात तुरुंगाचा उल्लेख जवळजवळ नाही. मात्र संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकाने बोलावे आणि सोबत्यांनी भोवती बसून ऐकावे, ही त्याची मांडणी बराकीतल्या संध्याकाळीची आठवण करून देते.

सुटलेल्या राजबंद्याला गाव हार घालते. पोटाचा प्रश्न मात्र त्याचा त्यालाच सोडवावा लागतो. गुरुजी शाळेच्या नोकरीत परतले नाहीत. 1938 मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. 1942 च्या आंदोलनात भूमिगत राहिल्यानंतर 1943 मध्ये पुन्हा अटक झाली. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. 15 ऑगस्ट 1948 रोजी ‘साधना’ साप्ताहिक निघाले. शेवटपर्यंत हातात कुठले ना कुठले नियतकालिक होतेच.

11 जून 1950 रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. स्वतंत्र देशाविषयीची त्यांची निराशा त्या काळात अनेकांना जाणवली होती. आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर काढलेला चित्रपट 1953 मध्ये आला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेली ती पाने तोवर घरोघर पोहोचली होती.